किनाऱ्यावरच्या नऊ बांधकामांना ना हरकत दाखला द्यायचा की नाही? ग्रामसभेआधी मार्गदर्शन हवं आहे

आगरातली

नमस्कार. मी दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. पहिलीच वेळ. गावाचं नाव लिहीत नाही, कारण जमिनीचे व्यवहार चालू आहेत आणि विकणारे बहुतेक आमच्याच भावकीतले आहेत.

गावाची रचना आधी सांगते, म्हणजे अडचण कळेल. उत्तरेला खाडीचं मुख. समोर दीडेक किलोमीटर पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. पुळणीच्या वरच्या अंगाला वाळूचा उंचवटा, त्यावर मर्यादवेल आणि केवड्याची दाट रांग. त्यामागे सुरूचं बन, मग नारळी-पोफळीची आगरं. घरं आगरातच, गडग्याच्या आत. शेवटी रस्ता आणि त्याच्यावर सडा. पुळणीवर उतरायला तीन पाखाड्या आहेत. सुकट वाळत घालायची जागा मधल्या पाखाडीच्या टोकाला.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या आगरात एकशे चाळीस पोफळी होत्या. संध्याकाळी वारा पडल्यावर सासरे मोजायला गेले, उभ्या होत्या अकरा. घराचे पत्रे शेजारच्या विहिरीत सापडले. पोफळ पुन्हा लावली तर फळ दिसायला सहा-सात वर्षं जातात, नारळालाही तेवढीच. मधल्या काळात घर कशावर चालवायचं? वर्षभरात जमिनीचे एजंट गावात यायला लागले आणि लोकांनी विकायला सुरुवात केली. मी त्यांना दोष देत नाही. माझ्या चुलत दिरांनी विकली तेव्हा त्यांच्या मुलीच्या शिक्षणाची फी थकली होती.

आता पंचायतीकडे नऊ अर्ज आहेत. दोन गावातल्याच घरांचे, वरती दोन खोल्या वाढवून पर्यटक ठेवायचे म्हणून. बाकी सात, लग्नाच्या हॉलचा सोडून, बाहेरच्यांचे: कॉटेजेस, एक पोहण्याचा तलाव असलेलं रिसॉर्ट, एक लग्नाचा हॉल.

त्यातल्या एकाने अर्ज देण्याआधीच काम सुरू केलं. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये जेसीबी लावून वाळूचा उंचवटा सपाट केला, केवडा मुळासकट काढला, चिऱ्याची भिंत घातली. उत्तरेची पाखाडी त्या भिंतीत गेली. त्याच पावसाळ्यात आषाढातल्या अमावस्येच्या उधाणाला पाणी त्या सपाट केलेल्या जागेतून आत आलं आणि मागच्या आगरातल्या म्हातारीच्या विहिरीपर्यंत पोचलं. त्या विहिरीचं पाणी अजून मचूळ आहे. तिचे सासरे त्या पाण्यावर पानवेल करायचे. उंचवटा जिथे शाबूत आहे, तिथे त्याच दिवशी पाणी केवड्याच्या बुंध्याला लागून परत फिरलं. हे मी स्वतः बघितलं आहे, छत्री धरून तिथेच उभी होते.

पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे. अर्धा गाव म्हणतो सगळ्यांना दाखले द्या, मुलांना काम मिळेल. अर्धा म्हणतो एकालाही नको. मला दोन्ही पटत नाही. पंचायतीच्या हातात नक्की किती आहे? दोनशे मीटर, पाचशे मीटर असं सगळे बोलतात, ते कुठून मोजायचं? आणि अर्ज येईल तसं हो-नाही करत बसण्याऐवजी गावानेच आधी काही ठरवून ठेवता येईल का?

सह्याद्रीप्रेमी

ताई, सरळ सगळ्यांना नकाराचा ठराव करा. एकदा दार उघडलं की बंद होत नाही.

निवृत्त आराखडेकार

ताई, मी नगररचना खात्यात तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी कोकणात. तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं, पण त्याआधी कायद्याची बाजू सांगतो.

किनाऱ्याच्या बांधकामांवर पर्यावरण संरक्षण कायद्याखाली सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, अधिसूचना लागू होते. पहिली १९९१ ची, मग २०११ ची, मग जानेवारी २०१९ ची. नवी अधिसूचना त्या त्या जिल्ह्याचा सुधारित नकाशा मंजूर झाल्यावर लागू होते, म्हणून तुमच्या गावाला आज कोणता नकाशा लागू आहे हे जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

अंतर मोजायचं ते भरतीरेषेपासून. भरतीरेषा म्हणजे तुम्हाला त्या दिवशी दिसलेली पाण्याची कड नव्हे, आणि सुरूच्या बनाची कडही नव्हे. ती अधिकृत नकाशावर आखलेली असते. गावपातळीचा नकाशा १:४००० या प्रमाणात असतो आणि त्यावर भूमापन क्रमांक दिसतात. तो मागवा. माहिती अधिकारात मागितला तरी चालेल. एजंट जो रंगीत कागद दाखवतात तो बहुतेक वेळा मोठ्या नकाशावरून मोबाइलने काढलेला फोटो असतो. त्यावर पेन्सिलीची एक रेघ जमिनीवर कित्येक मीटर व्यापते.

ग्रामीण किनारा सीआरझेड-तीनमध्ये येतो. २०१९ च्या अधिसूचनेत त्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असेल तर ना-विकास क्षेत्र, म्हणजे नवं बांधकाम न करण्याचा पट्टा, भरतीरेषेपासून ५० मीटर, कमी असेल तर २०० मीटर. आगरात विखुरलेल्या वाड्यांच्या गावात एवढी दाटी नसते, त्यामुळे तुम्हाला २०० धरून चालावं लागेल. खाडीच्या बाजूला नियम वेगळा: २०१९ प्रमाणे ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते. २०११ च्या अधिसूचनेत तिथे ५० ऐवजी १०० मीटर होतं.

२०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात परवानगी मिळू शकते, पण अटींवर. गावातल्या लोकांचं राहतं घर तळमजला अधिक एक मजला, उंची ९ मीटरच्या आत. रिसॉर्टसाठी भूखंड किमान ०.४ हेक्टर हवा, चटई क्षेत्र निर्देशांक (एकूण बांधकाम भागिले भूखंडाचं क्षेत्र) ०.३३ च्या वर नको, दोन रिसॉर्टच्या मध्ये लोकांना पुळणीवर जायला किमान २० मीटर रुंद वाट सोडायची. तुमच्या नऊ अर्जांच्या सातबारावर क्षेत्र बघा. तीन-चार अर्ज तिथेच गळतील असा माझा अंदाज आहे.

आणि वाळूचा उंचवटा. तो सीआरझेड-एक-अ मध्ये येतो, कांदळवनाच्या आणि कासवांच्या विणीच्या जागेच्या बरोबरीने. तो सपाट करणं हे प्रतिबंधित कामांच्या यादीतच आहे. कुठल्याही परवानगीने ते नियमित होत नाही. त्या जेसीबीच्या कामाची तक्रार तुम्ही केली का? नसेल तर आजच करा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते आणि तिच्यावर किनाऱ्यावरच्या स्थानिक समाजाचे, मच्छीमार धरून, किमान तीन प्रतिनिधी असावे लागतात. ते तीन कोण आहेत ते शोधा. फोटो, तारीख, भूमापन क्रमांक, आणि म्हातारीच्या विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल जोडा.

आता पंचायतीच्या दाखल्याचं. तो बांधकाम परवाना नाही. सीआरझेडची शिफारस राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून येते. पण बाजारात तुमच्या दाखल्याला फार किंमत आहे, कारण गिऱ्हाइकाला तोच दाखवला जातो. 'इतर परवानग्या घेण्याच्या अटीवर' असं तुम्ही खाली लिहिलं तरी दाखवणारा वरचा शिक्का दाखवतो.

केरळात मरडूला काय झालं ते ग्रामसभेत जरूर सांगा. कोचीजवळच्या बॅकवॉटरच्या काठी स्थानिक पंचायतीच्या परवानगीवर मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, किनारा प्राधिकरणाला विचारलंच नव्हतं. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या आणि ११ व १२ जानेवारी २०२० ला चार संकुलं स्फोटकं लावून जमीनदोस्त केली. त्यात राहणाऱ्यांनी पैसे मोजले होते. आपल्या गावात जागा घेणाराही कुणाचा तरी आयुष्यभराचा पैसा घालणार असतो, म्हणून खोटा दिलासा देणारा दाखला त्याच्यावरही अन्यायच आहे.

गावाने आधी काय ठरवावं यावर नंतर लिहितो. डोळे दमतात.

बोरिवली-दापोली

सगळं वाचलं. मला थोडं कडू बोलायचं आहे, राग नसावा.

आमची अठरा गुंठे जागा आहे, तुमच्यासारख्याच गावात. सगळी भरतीरेषेपासून दोनशेच्या आत. बाबा ७४ वर्षांचे, भाऊ तिथे एकटा. वादळात आगर गेलं. मी बोरिवलीत एका खोलीत चौघांसह राहतो. शहरात समुद्राला लागून वीस मजली टॉवर उभे राहतात आणि आम्ही आमच्या जागेत चार खोल्या बांधायच्या म्हटलं की पर्यावरण आठवतं. पुळण सगळ्यांसाठी राखायची, तिचा आनंद सगळ्यांनी घ्यायचा, पण त्याची किंमत फक्त अठरा गुंठेवाल्याने द्यायची? गावात काम नाही म्हणून आम्ही चाकरमानी झालो. आता काम गावात येतंय तर तेही नको?

आराखड्यात आमच्यासारख्यांना काय मिळतं ते कुणीतरी सांगा. फक्त काय करता येणार नाही तेवढंच सांगू नका.

देवबागकर

मी मालवणचो, रापणीवरचो माणूस. पुढे सगळ्यांना कळेल असं लिहितो.

आमचं देवबाग म्हणजे एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी जीभ. पावसात दोन्हीकडून पाणी. पर्यटन भरपूर आलं, ते नाही म्हणणार नाही, आमच्या पोरांना बोटीवर काम आहे. पण वाळूवर पक्कं बांधलं की पुढची मागणी ठरलेली असते: धूप होते, बंधारा द्या. मग दगड येतात. दगड घातले तिथली भिंत वाचते, पण लाट दगडावर आपटून पायथ्याची वाळू ओढून नेते आणि बंधारा जिथे संपतो तिथल्या शेजाऱ्याची जागा आधीपेक्षा जोरात खाते. मग शेजारीही बंधारा मागतो. असं करत करत पुळणच उरत नाही.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं. ती ओढायला सपाट पुळण लागते. दोन्ही टोकांना पंचवीस-तीस माणसं दोर धरून मागे मागे सरतात. दगडावर रापण ओढता येत नाही. जाळं फाटतं, पाय फुटतात. पण मोजमाप करणाऱ्यांच्या कागदावर रापणीची जागा कुठेच नव्हती, कारण आमच्या नावावर सातबारा नाही. पुळण कुणाच्याच नावावर नाही म्हणून ती रिकामी आहे असं समजतात. ताई, तुमच्या सुकटीच्या जागेचं आणि होड्या ओढून ठेवायच्या जागेचं कागदावर काय आहे ते बघा. आत्ता बघा. बंधारा आल्यावर उपयोग नाही.

केवडा ठेवा. तो उगाच नाही लावलेला आधीच्यांनी.

बाणकोट खाडी

मी मंडणगड तालुक्यातली. वेळासला माझी बहीण दिली आहे, फेब्रुवारी ते एप्रिल मी तिच्या मदतीला जाते, जेवण करायला. बोरिवलीच्या दादांच्या प्रश्नाचं एक उत्तर तिथे आहे, म्हणून लिहिते.

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासमध्ये कासवांचं काम सुरू केलं. त्याआधी ऑलिव्ह रिडले कासवीणीची अंडी लोक उकरून न्यायचे. एका घरट्यात शंभरेक अंडी असतात आणि पिल्लं यायला पन्नासेक दिवस लागतात. संस्थेने गावातल्याच मुलांना रात्री पुळणीवर फिरायला लावलं, घरटी कुंपणात आणून ठेवली. मग पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक यायला लागले आणि गावाने कासव महोत्सव सुरू केला. राहायला हॉटेल नव्हतं, लोक घरातच उतरले. ओटीवर गादी, पडवीत पंगत, सोलकढी, पोह्याचे पापड, उकडीचे मोदक. बहिणीने घराला नवीन काही बांधलं नाही, एक संडास-बाथरूम सोडून.

पुळणीवर दिवे नाहीत, आणि ते मुद्दाम. पिल्लं उजेडाकडे वळतात. समुद्रावरचा उजेड समजून हॉटेलच्या दिव्याकडे चालत गेली तर सकाळपर्यंत कावळे-कुत्रे त्यांना ठेवत नाहीत. ताई, तुमच्याकडे कासव लागत असेल, म्हणजे अंडी घालायला येत असेल, तर लग्नाच्या हॉलचा अर्ज वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

सगळं गोड आहे असं नाही. हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. ज्यांच्या घरात बाई धडधाकट आहे त्यांनाच जमतं. शनिवारी रात्री चाळीस माणसं जेवतात आणि सोमवारी बहिणीची पाठ दुखते. पण जमीन तिच्याच नावावर आहे.

निवृत्त आराखडेकार

बोरिवलीचे दादा, तुम्ही कडू बोललात असं मला वाटत नाही. हा प्रश्न आमच्या खात्यानेच आधी विचारायला हवा होता. आराखडा म्हणजे मनाईची यादी असा समज आम्हीच करून दिला.

अठरा गुंठ्यांत काय होऊ शकतं ते सांगतो. ना-विकास क्षेत्रातही जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी करता येते, मात्र जोत्याचं क्षेत्र आणि चटई क्षेत्र वाढवता येत नाही. २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिक लोकांना जोतं आणि घराचा दर्शनी भाग न बदलता होमस्टे चालवायची मुभा स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे बाणकोटच्या ताईंच्या बहिणीने जे केलं ते कायद्याने करता येतं. आगर, बागायत चालूच राहू शकतं. पुळणीवर तात्पुरत्या सोयी, म्हणजे शॅक, कपडे बदलायच्या खोल्या, स्वच्छतागृहं, भरतीरेषेपासून किमान १० मीटर सोडून करता येतात. राज्य सरकारने २०२० मध्ये शॅकचं धोरण मंजूर केलं तेव्हा सुरुवातीला आठ किनारे निवडले, त्यात रत्नागिरी जिल्ह्यातले गुहागर आणि आरे-वारे आहेत. त्यात ८० टक्के रोजगार स्थानिकांना देण्याची अट आहे. पक्क्या खोल्यांचं मोठं हॉटेल मात्र तुमच्या जागेत होणार नाही. तसं होईल असं जो सांगतो तो तुमची जमीन स्वस्तात घेऊन महागात विकणार आहे.

आता ताईंचा मुख्य प्रश्न. अर्जांवर बोलण्याआधी गावाने स्वतःचा नकाशा करावा. त्यात सुरुवात पाण्यापासून करा. वाळूतल्या विहिरीचं गोडं पाणी खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत त्याचा थर असतो. म्हणजे उपशाने वरची पातळी एक मीटर खाली गेली की खालून खारं पाणी सावकाश चाळीस मीटर वर चढायला लागतं. मग पंप बंद करूनही विहीर लवकर सुधारत नाही. म्हातारीच्या विहिरीत पाणी वरून शिरलं, उपशाचं संकट खालून येतं आणि ते दिसत नाही.

हिशोब करून बघा. हॉटेलात माणशी रोज १८० लिटर धरतात. वीस खोल्या, चाळीस माणसं: ७,२०० लिटर. जलजीवनच्या नळयोजनेत गावातल्या माणसाला ५५ लिटर. म्हणजे एक रिसॉर्ट भरलं की एकशे तीस गावकऱ्यांचं पाणी. आणि ते भरतं एप्रिल-मेमध्ये, जेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात. पोहण्याचा तलाव वेगळा. अधिसूचनेप्रमाणे भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत रिसॉर्टला भूजल उपसताच येत नाही आणि २०० ते ५०० मध्ये भूजल यंत्रणेची संमती लागते. प्रत्येक अर्जदाराला एकच प्रश्न लेखी विचारा: मे महिन्यात पाणी कुठून आणणार आणि सांडपाणी कुठे सोडणार? वाळूत शोषखड्डा घेतला तर तो शेजारच्या विहिरीतच उतरतो.

नकाशावर विहिरी, वाळूचा उंचवटा, पाखाड्या, सुकटीची जागा, होड्या, कांदळवन, कासवाची घरटी, स्मशानभूमी, सगळं घाला. देवबागकरांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. अधिसूचनेतच लिहिलं आहे की मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, मासळी वाळवण्याच्या जागा गावपातळीच्या नकाशावर दाखवल्या पाहिजेत, आणि मच्छीमारांच्या पुढच्या काळातल्या घरांच्या गरजेचा आराखडाही राज्याने करायचा आहे. कितीतरी पानांवर त्या जागा कोऱ्या राहतात, कारण गावातून कुणी सांगितलेलं नसतं. जैवविविधता कायद्याखाली पंचायतीची समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. केवडा, कासव, तिसऱ्या (शिंपल्या) मिळण्याच्या जागा तिथे नोंदवल्या की तो सरकारी दस्तऐवज होतो.

खाडीकडच्या कांदळवनाबद्दल: सप्टेंबर २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने जमीन खासगी असो वा सरकारी, कांदळवन तोडायला आणि त्याभोवतीच्या ५० मीटरमध्ये बांधकामाला मनाई आहे.

हे सगळं घाईने करायचं कारण आहे. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे पूल होत आहेत, अंतर कमी होईल, जमिनीचा भाव चढेल. मार्च २०२४ मध्ये शासनाने कोकण किनाऱ्यावरच्या १,६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्याची अधिसूचना काढली तेव्हा जागोजागी हरकती घ्याव्या लागल्या. उद्या आराखडा कुणीही करो, ज्या गावाच्या हातात स्वतःचा नकाशा आणि ठराव असेल त्या गावाशी बोलणं वेगळ्या पातळीवर होतं. हरकत घ्यायला तीस दिवस मिळतात. तेवढ्यात नकाशा होत नाही.

आगरातली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ग्रामसभा झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

त्याआधीच्या पौर्णिमेला आम्ही उधाणाच्या वेळी पुळणीवर गेलो. तेवीस जण होते, त्यात नऊ बायका. ज्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे अशा दोन काकांना खुर्चीवर बसवून नेलं. त्यांनी काठीने दाखवलं की त्यांच्या लहानपणी पाणी कुठपर्यंत यायचं, फयान वादळात कुठपर्यंत आलं, निसर्गच्या दिवशी कुठपर्यंत. प्रत्येक ठिकाणी बांबू रोवला. उत्तरेच्या टोकाला तिन्ही बांबू भिंतीच्या आत पडले. तिथे कुणीच काही बोललं नाही. ज्यांनी ती जागा विकली ते भाऊसुद्धा आमच्यात होते, त्यांनीच शेवटचा बांबू धरला.

देवळाच्या सभामंडपात चुन्याने जमिनीवर नकाशा काढला. विहिरी मोजल्या तर एकोणपन्नास निघाल्या. मला तीस वाटत होत्या. त्यातल्या सहा मेमध्ये मचूळ होतात, आणि पाच एकाच ओळीत आहेत, एका कॉटेजवाल्याच्या बोअरच्या दोन्ही बाजूंना. ही गोष्ट घराघरात माहीत होती, पण प्रत्येकीला वाटत होतं आपल्याच विहिरीला काहीतरी झालंय. ओळ बघितल्यावर म्हातारी उठून उभी राहिली आणि म्हणाली, माझी पण तिथे मांडा. तिची सातवी.

सुकटीची जागा मांडताना वाद झाला. दोन वाड्यांचं एकमेकींशी पटत नाही, ते जुनं आहे. ते पुन्हा निघालं आणि दीड तास गेला. शेवटी दोन्ही जागा घातल्या.

ठराव असे झाले. वाळूचा उंचवटा आणि केवडा असलेल्या एकाही भूमापन क्रमांकावर दाखला नाही. तीन अर्ज तिथेच संपले. उरलेल्यांना मे महिन्याच्या पाण्याचा आणि सांडपाण्याचा लेखी खुलासा मागितला आहे. रिसॉर्टवाल्याचा माणूस सभेत आला होता, तो म्हणाला टँकर आणू. टँकर कुठल्या विहिरीवर भरणार, असं एका मुलीने विचारलं. ती बारावीत आहे. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. गावातल्या दोन घरांच्या अर्जांवर वाढीव खोल्यांऐवजी आहे त्या घरात होमस्टे करावा असं सुचवलं. एका घराने मान्य केलं, दुसऱ्याने नाही. ते घर माझ्या मैत्रिणीचं आहे. ती अजून माझ्याशी बोललेली नाही.

गाड्यांचं पार्किंग पुळणीवर बंद करून सड्याखाली रस्त्याला लागून करायचं आणि त्याचं शुल्क पंचायतीने घ्यायचं, त्यातून कचऱ्याची गाडी, हेही ठरलं. बोरिवलीचे दादा, तुमचा प्रश्न मी सभेत वाचून दाखवला, नाव न घेता. चार-पाच चाकरमानी उभे राहिले आणि म्हणाले हे आमचंच आहे. म्हणून ज्यांची सगळी जागा दोनशेच्या आत आहे अशा कुटुंबांची यादी करतोय. सध्या सतरा आहेत. पार्किंग, शॅक, कासवाच्या वेळची वाटाड्याची कामं, यात पहिला हक्क त्यांचा, असं ठरावात लिहिलं. तेवढ्याने त्यांचं भागेल असं मला वाटत नाही. पुढच्या वेळी पोफळीच्या रोपांसाठी आणि मधल्या सहा वर्षांसाठी काय करता येईल हा विषय मी घेणार आहे.

उंचवट्याची तक्रार फोटोंसह जिल्हाधिकारी कार्यालयात दिली, पोच आहे. पाण्याचा नमुना तपासायला पाठवला.

एक राहिलं. लग्नाच्या हॉलचा निर्णय झाला नाही. ती जागा दोनशेच्या बाहेर आहे, क्षेत्र पुरेसं आहे, मालक गावचाच आहे आणि पाणी सड्यावरच्या विहिरीतून आणेन म्हणतो. आणि समोरच्याच पुळणीवर गेल्या वर्षी दोन कासविणी लागल्या. दिव्यांबद्दल आणि रात्रीच्या आवाजाबद्दल पंचायत अट घालू शकते का, नोव्हेंबर ते मेपुरती? आराखडेकार काका, डोळ्यांना आराम पडला की एवढं सांगाल का. बाणकोटच्या ताई, वेळासमध्ये दिव्यांचं तुम्ही कसं जमवलं, लोकांना सांगून की ठराव करून, तेही कळवा. पुढची सभा ऑगस्टमध्ये आहे.